गरम, गार आणि कोमट : खवय्यांच्या पत्रांना उत्तरं

या महिन्याच्या टपालात तापमानावरून झालेली भांडणंच जास्त निघाली आणि मला त्याचा आनंद आहे. मीठ कमी पडलं की घरातलं शेंडेफळसुद्धा बोलून दाखवतं. पण पदार्थ नको त्या तापमानाला पानात आला तर आपण "आज काही खास जमलं नाही" एवढंच पुटपुटतो आणि हात धुवायला उठतो. माझ्या ओट्याच्या पहिल्या खणात चमच्यांशेजारी थर्मामीटर असतो. त्यावरून घरचे माझी यथेच्छ चेष्टा करतात. तुम्हीही करा, पण उत्तरं वाचून झाल्यावर.

ताई, मला कॉफी वाफाळतीच लागते. कपातली वाफ गेली की मी ती पुन्हा गरम करून आणते. ऑफिसातला एक सहकारी मात्र कप तसाच बाजूला ठेवतो आणि दहा मिनिटांनी प्यायला घेतो. वर मलाच ऐकवतो, "तू कॉफी पितेसच कुठे, नुसती वाफ पितेस." बरोबर कोण?

तो. बोलण्याची रीत सुधारायला हवी, पण मुद्दा त्याचाच.

कॉफीची पारख करून ज्यांचं पोट चालतं, त्यांची पद्धत बघा. कपात दळलेली कॉफी घालतात, तिच्यावर साधारण ९३ अंशांचं पाणी ओततात, चार मिनिटांनी वर जमलेला थर चमच्याने मोडून वास घेतात. पहिला घोट मात्र लगेच घेत नाहीत. कप सत्तर अंशांच्या आसपास उतरेपर्यंत थांबतात. आणि मग तीच कॉफी थोड्या थोड्या वेळाने, पार खोलीइतकी निवेपर्यंत, पुन्हा पुन्हा चाखतात. गरम असताना सुगंध पुढे असतो, कोमट होताना आंबटपणा आणि गोडवा वर येतात, आणि निवल्यावर दोष उघडे पडतात. वाईट कॉफीला वाफेचा पडदा फार उपयोगी पडतो. चांगली कॉफी निवल्यावरही तोंडात धरावीशी वाटते. म्हणून कॉफीची नवी पुडी आणली की शेवटचे दोन घोट मी मुद्दाम उरवते, निकाल त्यांच्यावर लावते.

याला जिभेची बाजूही आहे. चव ओळखणाऱ्या पेशींमध्ये ट्रपएम५ नावाचं एक प्रथिन असतं. गोड, कडू आणि उमामी (मांसाच्या रश्श्यात, मशरूममध्ये असते ती खमंग चव) या तिन्ही चवींचा निरोप पुढे धाडायला ते लागतं. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं की १५ ते ३५ अंशांच्या दरम्यान तापमान वाढेल तसं हे प्रथिन जास्त जोमाने काम करतं. आइस्क्रीम वितळलं की एकदम अतिगोड का लागतं, ते यावरून कळेल. गोठलेल्या अवस्थेत जिभेला गोडी कमी कळते, म्हणून करणारा साखर जास्त घालतो, आणि वितळल्यावर ती जादा साखर पकडली जाते.

पुन्हा गरम करण्याबद्दल मात्र मी कडक आहे. कॉफी तापत राहिली की तिच्यातली क्लोरोजेनिक आम्लं मोडत जातात आणि घशाला खरखरीत लागणारा कडवटपणा येतो. गरमच हवी असेल तर थर्मासमध्ये ठेवा. आणि फार गरम नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंशांहून गरम पेयांना अन्ननलिकेच्या कर्करोगाचं संभाव्य कारण मानलं. त्याच वेळी कॉफीवरचा जुना ठपका मात्र काढला. म्हणजे संशय उष्णतेवर आहे, कॉफीवर नाही. आमच्याकडे पहिला घोट हाऽऽ हूऽऽ करत घेणारा एक गृहस्थ आहे. त्याला हे वाचून दाखवलं. तो म्हणाला, "गार होतेय, आधी पिऊ दे."

सासूबाई ब्रेड आणि टोमॅटो दोन्ही फ्रीजमध्ये ठेवतात. मी दोन्ही बाहेर काढते. त्या पुन्हा आत ठेवतात. आम्ही यावर बोलत नाही, नुसतं दार उघडतो आणि लावतो. निकाल द्याल का?

देते, पण हे पान फ्रीजच्या दारावर चिकटवू नका.

आधी ब्रेड. शिळा होणं म्हणजे वाळणं, असं आपण धरून चालतो. १८५२ साली बूसँगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने पाव हवाबंद ठेवला, ओलावा बाहेर जाऊच दिला नाही, तरी तो शिळा झाला. आणि ६० अंशांच्या आसपास तापवल्यावर तो पुन्हा मऊ झाला. भाजताना मोकळा झालेला स्टार्च थंड होताना पुन्हा घट्ट रांगेत बसू लागतो, त्यामुळे पाव कडक वाटतो. आणि ही रांग सगळ्यात वेगाने लागते ती गोठणबिंदूच्या जरा वर, म्हणजे नेमकी फ्रीजच्या तापमानाला. फ्रीजरमध्ये ती जवळजवळ थांबते. तेव्हा दोन दिवसांत संपेल तेवढा ब्रेड बाहेर, बाकीचा स्लाइस करून फ्रीजरमध्ये, आणि लागेल तशी स्लाइस थेट टोस्टरमध्ये. सासूबाईंची भीती बुरशीची असणार. दमट दिवसांत ती अगदी रास्त आहे. अर्धे गुण त्यांना.

टोमॅटोत तुम्ही जिंकलात. १२ अंशांखाली टोमॅटोत सुगंधी द्रव्यं तयार करणारी यंत्रणा मंदावते. फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की आठवडाभर थंडीत राहिलेल्या टोमॅटोत ही कामं करणाऱ्या जनुकांवर कुलपं पडतात आणि बाहेर काढल्यावरही ती सगळी उघडत नाहीत. साखर आणि आंबटपणा फारसे बदलत नाहीत, म्हणून टोमॅटो दिसतो तसाच, आंबटगोडही तेवढाच लागतो, पण त्याला टोमॅटोचा वास नसतो. आणि वास गेला की उरलं काय? नाक चिमटीत धरून एक फोड खाऊन बघा. पूर्ण पिकून मऊ पडायला आलेला असेल तर मात्र आत ठेवायला हरकत नाही, तिथे सडण्यापेक्षा थंडी परवडली. खायच्या आधी काही तास बाहेर काढा. कापा, मीठ भुरभुरा, पाच मिनिटं थांबा आणि सुटलेला रस टाकू नका.

न विचारता एक सांगते. चीजसुद्धा खाण्याआधी तासभर बाहेर हवं. थंडगार चीज चावणं म्हणजे बंद पाकीट चावणं.

हॉटेलात ताट आलं की आमच्या घरातली तरुण मंडळी आधी फोटो काढतात. सगळ्या कोनांतून. मला राग येतो. जुनाट विचार आहेत का माझे?

फोटोवर राग नाही, वेळेवर आहे ना? मग जुनाट नाहीत. थंड सॅलडचे हवे तेवढे काढा म्हणावं. तळलेल्या पदार्थाला मी एक फोटो मंजूर करते, तोही बसल्या जागेवरून. तळणीतून निघालेल्या पदार्थाच्या आतली वाफ बाहेर पडत असते आणि वरच्या कुरकुरीत पापुद्र्याला ओलं करत असते. तो पापुद्रा कोनांसाठी थांबत नाही. सूपचा फोटो काढणाऱ्यांबद्दल मला काही म्हणायचं नाही.

काकू, मित्रांमध्ये तिखट खाण्याची पैज लागते. मी दरवेळी हरतो. सवय करता येते का? आणि जास्त झालं तर पाणी प्यावं का?

सवय होते रे, थोडं थोडं वाढवत गेलास तर. पण आधी समजून घे की तू चवीची पैज लावत नाहीयेस. मिरचीतलं कॅप्सेसिन ट्रपव्ही१ नावाच्या ग्राहकाला, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला (रिसेप्टरला), जाऊन चिकटतं आणि तो ग्राहक मुळात ४३ अंशांच्या वरची उष्णता ओळखायला असतो. तोंड पोळलं असा निरोप मेंदूला जातो आणि मेंदू बिचारा तुला घाम फोडून गार करायला लागतो. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने हा ग्राहक १९९७ मध्ये शोधला. २०२१ च्या नोबेल पारितोषिकात त्याचा वाटा आहे. पुदिन्याचा गारवाही याच जातीचा आहे. मेंथॉल थंडी ओळखणाऱ्या ग्राहकाला जागं करतं, तोंडातलं तापमान जिथल्या तिथेच असतं. पक्ष्यांचा ट्रपव्ही१ कॅप्सेसिनला दाद देत नाही, ते मिरच्या खुशाल खातात. तेव्हा पैज लावायचीच तर पोपटाशी लावू नकोस.

पाण्याने भागत नाही, कारण कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. दूध किंवा दही घे, त्यातलं केसीन हे प्रथिन त्याला जिभेवरून सोडवून नेतं. गरम चहा तर अजिबात नको, तापलेल्या ग्राहकावर आणखी उष्णता कशाला? विल्बर स्कोव्हिल यांनी १९१२ मध्ये मिरचीचा जोर मोजायची पद्धत काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचं, चाखणाऱ्यांना तिखट लागेनासं होईपर्यंत. आज लोक त्याच मापाचे लाखांतले आकडे बाटलीवर छापून मिरवतात. मला त्या बाटल्यांचा कंटाळा आहे. मिरचीला वास असतो, फळासारखी गोडी असते, धुरकटपणा असतो. दुसऱ्या घासाला जीभ बधिर झाली तर ते कळणार कधी? हरलास तेच बरं झालं, उरलेलं जेवण तुला एकट्यालाच लागलं असेल.

व्हिस्कीत पाणी घातलं की आमचा एक 'जाणकार' मित्र तोंड वाकडं करतो. मला तर पाणी घातल्यावरच वास जाणवतात. माझी जीभ बिघडली आहे का?

तुमचं नाक उत्तम आहे. व्हिस्कीचा धुरकट गंध ज्या ग्वायकॉलमुळे येतो, ते मद्यार्क जास्त असेल तर द्रवात आत मिसळून राहतं आणि पाणी वाढलं की पृष्ठभागाकडे सरकतं. स्वीडनच्या लिनेअस विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकावरच्या प्रतिकृतीतून हे दाखवलं. मित्राला एवढंच सांगा की व्हिस्की जुळवणारे कसबी लोकच वास घेण्यापूर्वी ती चांगली पातळ करून घेतात. थेंब थेंब घाला, मधे मधे हुंगा, आवडेल तिथे थांबा. बर्फ वेगळा. बर्फ पातळ करतोच, शिवाय थंडीने वासही दाबतो. उकाड्यात तेच हवं असेल तर खुशाल घाला, फक्त महागडी बाटली त्यात घालवू नका.

हाच नियम उलटा फिरवला की थंड बिअरचं गुपित कळतं. जी बिअर गोठायला टेकल्यावरच बरी लागते, ती जरा निवांत होऊ द्या आणि मग मत बनवा. बाटली तपकिरी काचेची बघून घ्या. उजेडाने हॉप्समधली (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधली) कडू द्रव्यं फुटतात आणि स्कंक नावाच्या प्राण्याच्या फवाऱ्याशी मिळताजुळता वास येतो. हिरवी आणि पांढरी काच हे फारसं अडवत नाही. रेड वाइन 'खोलीच्या तापमानाला' द्यावी हा सल्ला कुठल्या खोलीचा, तेही विचारा. १६ ते १८ अंशांची खोली तुमच्याकडे नसेल तर बाटली वीस-पंचवीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. कोमट रेड वाइनमधला मद्यार्क नाकात चढतो आणि फळं मागे राहतात.

मी मद्य घेत नाही. पार्टीत माझ्या हातात लहान मुलांचं गोड सरबत येतं. मोठ्या माणसाने प्यावं असं काही आहे का?

या पत्रावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण तक्रार शंभर टक्के खरी आहे. न पिणाऱ्याला गोड आवडतं असं यजमान का धरून चालतात, कोण जाणे.

मोठ्यांच्या पेयाला काय लागतं? थोडा कडवटपणा, थोडा आंबटपणा, टोचणी, आणि एकेक घोट घ्यायला लावणारा संथपणा. टोचणी सोड्यातून येते. ती फक्त बुडबुडे फुटल्याने येते असं वाटतं, पण कार्बन डायऑक्साइड तोंडात आल्यावर आंबट ओळखणाऱ्या पेशींवरचं एक एन्झाइम त्याचं आम्लात रूपांतर करतं आणि जीभ त्याची चव घेते, हे २००९ मध्ये सिद्ध झालं. उंच डोंगरावरचा त्रास टाळायला अॅसिटाझोलामाइड घेणाऱ्या गिर्यारोहकांना शिखरावरची बिअर मचूळ लागते. ते औषध हेच एन्झाइम अडवतं. वायू थंड द्रवात जास्त विरघळून राहतो, म्हणून सोडा आणि ग्लास दोन्ही आधी गार हवेत. नुसत्या बर्फावर विसंबू नका.

कडवटपणासाठी टॉनिक वॉटर बघा, त्यात क्विनाइन असतं. ते फार गोड वाटलं तर निम्मा साधा सोडा मिसळा. पण माझं लाडकं वेगळं आहे. काळ्या चहाची पत्ती, लिटरभर पाण्याला दहा-बारा ग्रॅम, थंड पाण्यात घालून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायची. गार पाण्यात तुरट द्रव्यं आणि कॅफीन कमी उतरतात, सुगंध मात्र येतो. सकाळी गाळा. संध्याकाळी उंच ग्लासात अर्धा हा चहा, अर्धा सोडा, लिंबाच्या सालीचा एक पट्टा वरून पिळून. रंग असा की कुणी विचारत नाही, आणि विचारलं तर चव द्यायला हरकत नाही. मी मद्य घेते, तरीही पुष्कळदा हेच घेते.

बाई, तुम्ही खाण्याचं पार गणित करून टाकलंत. आमच्या आजीकडे कुठे थर्मामीटर होता?

आजीच्या बोटांत होता. तेल तापलं की नाही हे ती आवाजावरून सांगायची, पीठ झालं का ते तळहाताने. मला ते जमत नाही म्हणून यंत्र वापरते. आणि गणित करणारी मी एकटी नाही. चहा कसा करावा याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ३१०३, १९८० सालचं : शंभर मिलिलिटर पाण्याला दोन ग्रॅम पत्ती, सहा मिनिटं. त्याचा ब्रिटिश भाऊ बीएस ६००८ याला १९९९ मध्ये इग्नोबेल हे थट्टेचं पारितोषिकही मिळालं. लोक हसतात, पण ते मानक चहा फक्कड व्हावा म्हणून नाहीच. वेगवेगळ्या पत्त्यांची तुलना करताना कृती एकच असावी, एवढाच त्याचा हेतू. मीही तेवढंच करते. जमलेली गोष्ट पुन्हा जमावी म्हणून आकडा लिहून ठेवते.

पोट फुटायला आलेलं असतं, तरी गोड आलं की जागा होते. हावरटपणा का?

नाही. एकच चव खात राहिलं की त्या चवीची गोडी उतरते, बाकीच्यांची तशीच राहते. १९८० च्या दशकात यावर भरपूर प्रयोग झाले. दुसऱ्यांदा वाढून घेताना आठवा, इतकंच.

कामानिमित्त बाहेरगावी एकटीने जेवावं लागतं. लोक बघतात असं वाटतं, म्हणून खोलीवर काहीतरी मागवून फोन बघत खाते. काय करू?

बाहेर पडा, टेबल घ्या आणि भिंतीकडे पाठ करून बसा. लोक बघत नाहीत, आपापल्या ताटात बघतात. आणि बघितलं तर काय बिघडलं? एकटीने जेवण्याइतकी सोय दुसरी नाही. मधला घास कुणी मागत नाही, "तू काय घेतेस, मग मी दुसरं घेते" ही वाटाघाट नाही, पदार्थ आल्या आल्या गरम असताना सुरुवात करता येते. चौघांत बसलं की सगळ्यांची ताटं येईपर्यंत पहिलं ताट निवत बसतं, तो शिष्टाचार मला कधीच पटलेला नाही. गर्दीच्या जरा आधी जा, तेव्हा वाढणाऱ्यालाही बोलायला फुरसत असते. "आज तुम्ही काय खाल्लंत?" असं त्याला विचारा. मेन्यूकार्डापेक्षा हे उत्तर जास्त उपयोगी पडतं. फोन पर्समध्ये. पुस्तक चालेल, पण हात बरबटणारं काही मागवलंत तर तेही नको.

कपाटातलं चॉकलेट पांढरं पडलं. बुरशी आहे का? फेकून देऊ?

थांबा, फेकू नका! बोटाने चोळून बघा. पांढरेपणा जिरला तर ती वर आलेली चरबी आहे. कोको बटर सहा तऱ्हांनी गोठू शकतं. त्यातली पाचवी तऱ्हा हवी, कारण ती ३४ अंशांच्या जवळपास, म्हणजे तोंडात गेल्यावर वितळते, चकाकते आणि मोडताना कट्कन वाजते. कपाट तापलं, निवलं, पुन्हा तापलं की ही बसवलेली घडी विस्कटते. पांढरा थर खडबडीत लागला तर तो साखरेचा. फ्रीजमधून काढल्यावर वर पाणी धरतं, त्यात साखर विरघळते आणि पाणी उडाल्यावर तिथेच राहते. दोन्ही निर्धोक आहेत. खाताना मात्र भुसभुशीत लागेल, म्हणून वितळवून गरम दुधात घाला नाहीतर केकमध्ये. पुढचं चॉकलेट डब्यात बंद करून घरातल्या सगळ्यात गार, कोरड्या कोपऱ्यात ठेवा, कांद्या-लसणापासून लांब. चॉकलेट वास फार पटकन धरतं.